बाळदमा आणि व्हॉट्सॲप: घरच्यांना शिकवायचं ते नेमकं कसं

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी नवा बालरोग दवाखाना आहे, दम्याची मुलं भरपूर येतात, ओपीडीत समजावून सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्रामवरून घरच्यांना शिकवावं असं मनात आहे. सुरुवात कुठून करावी, काय टाकावं, काय टाळावं? मी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात बरीच वर्षं लहान मुलांची प्रॅक्टिस करते आणि फोनवरून शिकवण्याचं हे काम नियमाने करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उत्तर आधी, कारणं मागून. सुरुवात एका व्हिडिओने करा, तो पंप (इनहेलर) आणि स्पेसरचा, म्हणजे पंप आणि मुलाचं तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळीचा, असू द्या, आणि व्हॉट्सॲपवरच पाठवा. मग पालकांकडून उलट व्हिडिओ मागवा. घरच्यांना समजलं की नाही हे तुमच्या पोस्टवरून कधीच कळत नाही, त्यांच्या हातातला पंप बघितला की कळतं.

गरज किती आहे ते आकड्यांतही दिसतं. दम्याची देशोदेशी पाहणी करणाऱ्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत पुण्यासह नऊ केंद्रं होती. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान मुलं, किशोरवयीन मुलं आणि पालक अशा सगळ्यांत मिळून, ज्यांना वर्षभरात छातीत घरघर झाली होती त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. लक्षणं असूनही रोज श्वासातून स्टेरॉइड घेणारे अडीच टक्क्यांच्याही आत होते. आपल्याकडे फाइल उघडली की हेच दिसतं: ‘छाती भरते’, ‘कफ होतो’, ‘ॲलर्जीचा खोकला’, ‘तीनदा निमोनिया झाला’. दमा हे नाव कुणी घेत नाही, कारण ते नाव घराला लागतं. चार वर्षांच्या पोरीसाठीसुद्धा ‘पुढं लग्नाचं कसं’ हा प्रश्न केबिनमध्ये निघतो. हा संकोच लक्षात न घेता ‘दमा पालक ग्रुप’ असं नाव देऊन ग्रुप काढला तर अर्धी माणसं पहिल्याच आठवड्यात बाहेर पडतात, आणि ती का गेली हे सांगतही नाहीत.

फोन कुणाच्या हातात असतो हे आधी शोधा. केसपेपरवरचा नंबर बहुतेक वेळा वडिलांचा असतो. वडील एमआयडीसीत शिफ्टला नाहीतर ट्रॅक्टरवर, आई शेतात किंवा नोकरीवर, आणि शाळा-अंगणवाडी सुटल्यापासून पोर आजीजवळ. तुमचा सुंदर व्हिडिओ वडिलांच्या फोनमध्ये दोनशे गुड मॉर्निंगच्या खाली पडून राहतो आणि पंप देणारी बाई तो कधीच बघत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच तीन गोष्टी विचारून केसपेपरवर लिहा: पंप कोण देतं, दिवसा घरी कोण असतं, आणि त्या माणसाला बघता येईल असा फोन कोणाचा. शेजारच्या सुनेचा असला तरी चालेल, पण तिची आणि घरच्यांची परवानगी घ्या.

आजीला वाचता येत नसेल तर लांबलचक मेसेज वाया जातो. व्हॉइस नोट पोचते. मिनिटभराची, आपल्या भागातल्या बोलीत: ‘आज्जी, मी दवाखान्यातून बोलतेय. रोजचा पंप खोकला नसला तरी द्यायचा बरं का. दात दुखत नाहीत म्हणून आपण घासायचे सोडतो का? तसंच हे.’ एका नोटमध्ये एकच गोष्ट सांगा. रोजचा पंप, धापेचा पंप, धूर आणि पथ्य हे सगळं एकदम सांगितलं की त्यातलं काहीच राहत नाही. ‘ब्राऊन पंप’, ‘निळा पंप’ असं रंगावरूनही सांगू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि मेडिकलवाला कधी दुसऱ्या कंपनीचा देतो. दवाखान्यातच पंपावर पांढरी पट्टी चिकटवून ठळक लिहा: स्टेरॉइडच्या पंपावर ‘रोजचा’ आणि धाप लागल्यावर आराम देणाऱ्या पंपावर ‘धापेचा’. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रोजच्या पंपावर सूर्य काढा. व्हिडिओत आणि नोटमध्येही हेच दोन शब्द वापरा, म्हणजे सगळीकडे एकच भाषा राहते.

आता स्पेसरचा व्हिडिओ. इथे वेळ घाला, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. फोन उभा धरा, खिडकीचा उजेड घ्या, मागे संगीत नको. दवाखान्यातल्या चकाचक टेबलापेक्षा घरातली सतरंजी बरी, आणि हात तुमचे नकोत, एखाद्या आजीचे असू द्या. बघणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे की हे मलाही जमेल. मूल मांडीवर बसलेलं, झोपलेलं नव्हे. टोपण काढलं, पंप उभा धरून हलवला, स्पेसरच्या मागच्या तोंडात बसवला. मास्क नाक आणि तोंड दोन्हीवर, गालाशी फट नाही. पंप एकदाच दाबला. आता कॅमेरा स्पेसरच्या झडपेजवळ न्या आणि मूल शांतपणे पाच-सहा श्वास घेतंय तसतशी ती झडप हलताना दाखवा. आजीला हे दिसलं की ‘औषध जातंय’ हे तिला सांगावं लागत नाही. मग अर्धा मिनिट थांबायचं, पंप पुन्हा हलवायचा, दुसरा पफ. रोजच्या पंपानंतर मोठ्या मुलाने चूळ भरायची, लहान बाळाचं तोंड ओल्या फडक्याने पुसून पाणी पाजायचं. साधारण चार वर्षांनंतर मूल ओठ घट्ट मिटून नळीतून श्वास घेऊ शकतं, तेव्हा मास्क काढता येतो. त्यासाठी वेगळा व्हिडिओ करा, याच्यात घुसवू नका. एकूण लांबी दीड मिनिटाच्या आत आणि फाइल हलकी ठेवा, म्हणजे वाडीवस्तीवर रेंज कमी असली तरी उघडेल.

चुका दाखवायचा मोह होतो, पण त्या याच व्हिडिओत दाखवू नका. लोक मधूनच बघतात आणि चुकीचीच रीत लक्षात राहते. चुकांचा वेगळा छोटा व्हिडिओ करा आणि ज्याची जी चूक असेल त्यालाच तो पाठवा.

‘पोर रडलं की औषध आत जास्त ओढलं जातं’ असं कित्येक घरांत मानतात, काही ठिकाणी दवाखान्यातूनही तसंच सांगितलं जातं. उलट आहे. रडताना फुप्फुसात कमी औषध पोचतं. म्हणून आधी मास्क नुसताच खेळायला द्यायचा, बाहुलीला लावायचा, मग मुलाला. हा तुकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पंप बंद पडण्याचं खरं कारण अनेक घरांत हेच असतं: रोज सकाळी रडारड नको वाटते.

आता उलट व्हिडिओ. दोन-तीन दिवसांनी घरी पंप देतानाचा व्हिडिओ मागवा, ग्रुपवर नाही, तुमच्या दवाखान्याच्या नंबरवर. नातवंडांपैकी कुणीतरी मोठं शूट करतं. त्यात जे दिसतं ते ओपीडीत कधीच दिसत नाही. मला अशाच एका व्हिडिओत दिसलं: आजींची बैठक छान, मास्क नेमका बसलेला, मूलही शांत, आणि मग पंप लागोपाठ तीनदा दाबला. चिठ्ठीवर ‘३ पफ’ असतं आणि घरी त्याचा अर्थ तीनदा दाबणं असाच होतो. चिठ्ठीवर ‘१, थांबा, १, थांबा, १’ असं लिहा. आणखी नेहमी दिसणारं म्हणजे हनुवटीवर सरकलेला मास्क, झोपेत दिलेला पंप, आणि स्पेसर धुऊन फडक्याने खसाखसा पुसणं. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळू द्यायचा. उत्तर देताना आधी बरोबर काय झालं ते सांगा, मग एकच दुरुस्ती. तीन चुका एकदम सांगितल्या तर पुढचा व्हिडिओ येत नाही.

हीच वाट निदानालाही उपयोगी पडते. रात्री दोनला पोराला धाप लागते आणि सकाळी दहाला तुमच्यासमोर ते उड्या मारत असतं. पालकांना सांगून ठेवा की रात्री त्रास झाला तर आधी औषध द्या, आणि दुसरं कुणी मोकळं असेल तर दिवा लावून, सदरा वर करून, आवाजासकट अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांमध्ये पडणारे खळगे हे त्यात दिसतं. घसा घरघरणं आणि छाती घरघरणं यातला फरक घरच्यांना शब्दांत सांगता येत नाही, व्हिडिओत तो ऐकू येतो.

स्पेसर परवडत नाही हा प्रश्न तुमच्याकडे येईलच. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर, पंप नीट हवाबंद बसवला तर, दम्याच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकाच चालतो. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, कडेने सील करायचं, बाटलीच्या तोंडातून मुलाने श्वास घ्यायचा. याचाही एक व्हिडिओ ठेवा, पण पहिली बाटली दवाखान्यात तुमच्या डोळ्यांसमोर बनवून घ्या. आणि पंप संपला का हे बघायला तो पाण्यात तरंगवायचा, असा जो व्हिडिओ फिरतो त्यावर विसंबू नका. त्यावरून काही कळत नाही. ज्या पंपावर आकडा दिसत नाही त्याच्या खोक्यावर सुरू केल्याची तारीख आणि रोजचे पफ लिहायला लावा. बहुतेक पंप २०० पफचे असतात, पण काही १२० चेही असतात, तेव्हा खोक्यावरचा आकडा बघूनच हिशेब करा.

भीतीवर बोलल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. पहिली भीती सवयीची: ‘पंपाची सवय लागते, एकदा लागला की सुटत नाही.’ दुसरी स्टेरॉइडची. या दोन्हींवर गुळगुळीत ‘घाबरू नका’ चालत नाही, हिशेब चालतो. साल्ब्युटामॉल, म्हणजे धापेच्या पंपातलं औषध, त्याचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. एका चमच्यात वीस पफांइतकं औषध, आणि ते पोटातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत येतं. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. हे दोन ओळींत लिहून शेजारी चमचा आणि पंपाचं चित्र लावा. माझ्याकडून गेलेल्या मेसेजपैकी लोकांनी स्वतःहून पुढे पाठवला तो हाच. चमच्याला आपण औषध म्हणतो आणि पंपाला शेवटचा उपाय, हे किती उलटं आहे ते त्यांना आपलं आपणच दिसतं.

उंचीबद्दल खरं सांगा. रोज श्वासातून स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांची उंची सरासरीने किंचित कमी राहते. मुलांच्या दम्यावरच्या अमेरिकेतल्या ‘कॅम्प’ अभ्यासात, कित्येक वर्षं औषध घेतलेली मुलं मोठी झाल्यावर हा फरक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास निघाला, आणि तो सुरुवातीच्या काळात पडतो, दरवर्षी वाढत जात नाही. हे लपवलं आणि पालकांनी नंतर कुठल्यातरी रीलवर ऐकलं, तर तुमच्या बाकी शंभर गोष्टींवरचा विश्वास उडतो. बेताबेताने सांगा: डोस कमीत कमी ठेवू, दर तीन महिन्यांनी बघू, उंची प्रत्येक भेटीत मोजू. आणि मोजाच.

खात्रीच्या उपायांचे मेसेज येतच राहतील. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला मरळ माशाच्या तोंडात औषध घालून तो जिवंत मासा गिळायला देतात. महाराष्ट्रातूनही लोक जातात. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देणारी शिबिरं गावोगाव भरतात. त्या दिवसांत थट्टेचा सूर लावू नका. त्या रांगेत उभी असलेली आई आपल्या पोरासाठीच उभी आहे. आठवडाभर आधी साधा मेसेज जाऊ द्या: लहान मुलाला जिवंत मासा गिळायला देऊ नका, घशात अडकू शकतो, कोजागिरीची खीर खुशाल खा, पण रोजचा पंप एक दिवसही बंद करू नका, आणि धापेचा पंप प्रवासात खिशात ठेवा, सामानाच्या गाठोड्यात नको. ‘शंभर टक्के मुळापासून बरा’ अशी जाहिरात कुणी पुढे पाठवली तर सांगायला एक ठोस गोष्ट आहे: आपल्याकडच्या औषध नियमावलीच्या अनुसूची जे मध्ये दम्याचं नाव आहे, त्यामुळे कुठल्याही औषधाला दमा बरा करण्याचा दावा करता येत नाही. ‘गैरसमज’ मोठ्या अक्षरात आणि ‘सत्य’ खाली बारीक, असली चित्रं मात्र बनवू नका. लोकांच्या ध्यानात मोठं अक्षर राहतं.

मेसेज कधी पाठवायचे ते आपल्या भागाच्या हंगामावरून ठरवा, जागतिक दिनावरून नव्हे. मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो, पण तेव्हा आपल्या मुलांना फारसा त्रास नसतो आणि लोक लग्नसराईत असतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पाऊस लागतो, वर्गातली सर्दी घरोघर जाते. लहान मुलांत झटक्याचं सगळ्यात मोठं कारण ही सर्दीच, आइस्क्रीम किंवा केळं नव्हे. म्हणून मेअखेरीस ‘रोजचा पंप बंद केला असेल तर दाखवून जा’ असा मेसेज हवा. श्रावणात ओल धरलेल्या भिंती आणि दमट गोधड्या, गणपतीत धूप-अगरबत्ती, पावसाळाभर डासांची कॉइल. दिवाळीच्या आधी फटाके. मग कारखाने पेटतात आणि ऊस गेलेल्या शेतात पाचट जाळायला सुरुवात होते, तो धूर संध्याकाळी गावावर बसतो. त्या आठवड्यात पाठवलेली ‘आज खिडक्या लावून घ्या’ ही एक ओळ वर्षभराच्या माहितीपेक्षा जास्त वाचली जाते.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचा वेगळा विचार करा. बीडकडून आलेली मुलं कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात, चुलीच्या धुरात झोपतात, आणि सहा महिन्यांनी टोळी परत जाते. त्यांची फाइल तुमच्याकडे राहते, पण फोन त्यांच्याबरोबर जातो. त्यांच्या कागदाचा स्पष्ट फोटो काढून त्यांच्याच फोनवर पाठवा: औषधाचं नाव, डोस, बरं असताना काय, खोकला वाढला तर काय, धाप लागली तर काय. गावाकडचा कुठलाही डॉक्टर तो बघून पुढे चालवू शकतो. मुकादमाच्या फोनवर मात्र पाठवू नका. पोराच्या आजाराची बातमी उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाच्या, व्यवहारात जायला नको.

ग्रुप की ब्रॉडकास्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो अशी यादी), हाही प्रश्न येतोच. माझं मत ब्रॉडकास्टकडे. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, कुणाच्या घरात दमा आहे हे गावाला कळतं, आणि रात्री अकराला एक आई दुसरीला डोस सांगते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला त्यांनाच मेसेज जातो, म्हणून तो दवाखान्यातच सेव्ह करून घ्या. व्हॉट्सॲप चॅनल २०२३ पासून आपल्याकडे आहे. त्यात फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत, सर्वसाधारण माहितीला ते चांगलं. ग्रुप काढायचाच तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा. मुलाचा चेहरा, नाव, शाळेचा गणवेश दिसेल असं काही बाहेर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी ती लेखी घ्यायलाच हवी.

तातडीबद्दल मी अगदी कठोर आहे. व्हॉट्सॲप हे धाप लागलेल्या मुलासाठी नाही. बिझनेस ॲपमध्ये आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा: ‘मुलाला धाप असेल तर उत्तराची वाट बघू नका. लिहून दिल्याप्रमाणे धापेचा पंप स्पेसरमधून द्या आणि निघा, किंवा १०८ लावा.’ २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांचा रोखही असाच आहे: तातडीत प्राथमिक सल्ला देऊन रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीला पाठवायचं. धोक्याच्या खुणांचा एक व्हिडिओ प्रत्येक घराच्या फोनमध्ये असलाच पाहिजे: बरगड्या आणि गळ्याखालचा खड्डा ओढला जाणं, बोलताना शब्द तुटणं, तान्ह्याला दूध ओढता न येणं, ओठ निळसर, पोर गळून पडलेलं. शेवटी हे जरूर सांगा की मूल दमलेलं असताना घरघर अचानक बंद झाली तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही, हवा आत जायची थांबत आल्याचं आहे.

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर फार शक्ती घालवू नका. यूट्यूब तुमच्या व्हिडिओंचं कपाट म्हणून ठेवा, चिठ्ठीवर क्यूआर कोड छापा. इन्स्टाग्रामवर तरुण आया आहेत, तिथे संकोच कमी करण्याचं काम होतं. २०१८ मध्ये प्रियांका चोप्राने आपल्याला लहानपणापासून दमा आहे हे उघड सांगितलं, तेव्हापासून ‘दमा असून धावता येतं’ हे पटवायला मला एक ओळखीचा चेहरा मिळाला. ती मोहीम औषध कंपनीची होती हेही लक्षात ठेवा. तुमच्याकडेही कुणी तयार व्हिडिओ घेऊन येईल. तो घेतलात तर पंपावरचं नाव झाका.

उपयोग होतोय का हे व्ह्यूजवरून ठरवू नका. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सात प्रश्नांची चाइल्डहूड अस्थमा कंट्रोल टेस्ट आहे, चार प्रश्न मुलाला, तीन पालकांना. १९ किंवा कमी गुण म्हणजे दमा आटोक्यात नाही. ती दर तीन महिन्यांनी करा. सोबत तीन नोंदी ठेवा: रात्री-अपरात्री दवाखाना किती वेळा, शाळा किती दिवस बुडाली, आणि रोजचा पंप वेळेवर नवा घेतला का. यातली तिसरी सगळ्यात बोलकी. जो पंप दोन महिन्यांत संपायला हवा तो सहा महिने पुरत असेल तर व्हिडिओ कितीही वेळा पाहिलेला असो, पंप कोनाड्यात आहे. त्या घरी मेसेज पाठवू नका, फोन करा, आणि आजीशीच बोला.

शाळेच्या बाई-सरांसाठी वेगळा छोटा व्हिडिओ लागतो, आणि तो पालकांच्या लेखी परवानगीनेच द्या. त्यात दोनच गोष्टी ठेवा: धापेचा पंप दप्तरात ठेवू द्यावा, आणि खेळाच्या तासाला धाप लागली तर मुलाला आडवं न झोपवता बसवून तो पंप द्यावा, मग घरी कळवावं.